पत्रिकेवरचा गणपती अंड्यासारखा दिसतो तेव्हा: विंडोज एक्सपीवर डिस्प्ले ड्रायव्हर बसवताना

तुळशीचं लग्न झालं की बेळगावातल्या डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर पत्रिका-पुस्तकं जुळवणाऱ्यांना, जेवायला सवड नसते. नेमक्या त्याच दिवसांत शहापुरातल्या एका दुकानातून फोन आला. "हार्डडिस्क बदलली, फॉरमॅट मारला, आता सगळं मोठ्ठं मोठ्ठं दिसूलालंय. पत्रिकेवरचा गणपती बघायला ये, अंड्यासारखा झालाय."

गेलो. पेंटियम ४चा असेंबल डब्बा, विंडोज एक्सपी, आणि समोर नुकताच सेकंडहँड घेतलेला रुंद एलसीडी. रंग सोळा. खिडकी ओढली की मागे तिची सावली पुसत पुसत यायची. मालकांच्या भाच्यानं दुपारपासून तीन ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणारी चिप विंडोजला चालवता यावी म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) बसवून पाहिले होते आणि तिन्ही वेळा मशीन 'जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही' म्हणालं होतं. ड्रॉवरमध्ये मिळालेल्या सीडीवर विसंबून तो बसला होता. ती सीडी एका एनव्हिडिया कार्डाची होती, आणि ते कार्ड मालकांनी कधीच काढून विकलेलं होतं!

डिस्प्ले ड्रायव्हरच्या दहातल्या आठ तक्रारी मला अशाच भेटतात. ड्रायव्हर वाईट नसतो, तो दुसऱ्याच कुणाचा असतो. आधी चिप कोणती ते कळलं पाहिजे. ते कळायच्या आत डाउनलोड सुरू केलं की दिवस गेलाच म्हणून समजा.

"एक्सपी अजून कशाला?" असं पुण्याचे पाहुणे विचारतात. एक्सपी आला ऑक्टोबर २००१मध्ये, आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार काढून घेतला, हे खरं. पण इथल्या डीटीपीवाल्याकडे युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट असतात, कानडी मजकुरासाठी नुडी असतं, जुन्या पेजमेकरमधल्या शेकडो पत्रिका असतात, आणि काहींचा फाँटचा डाँगल (परवान्याची चावी) मागच्या पॅरलल पोर्टला स्क्रूनं आवळलेला असतो. उद्यमबागच्या वर्कशॉपमध्ये सीरियल केबलनं सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारा एक्सपी कोपऱ्यात तेलकट कीबोर्डासह चालूच असतो. नवं घ्यायचं तर नुसता संगणक बदलून भागत नाही, त्याच्या मागे लागलेलं सगळंच बदलावं लागतं. म्हणून हा लेख एक्सपी धरून लिहिलाय. विंडोज ७वरही पायऱ्या जवळपास याच, फक्त तिथे ३२ बिट की ६४ बिट हे आधी बघायचं.

ड्रायव्हरचाच दोष आहे ना?

मशीन बंद करून चालू करा आणि विंडोजचा लोगो यायच्या आधीची काळी स्क्रीन नीट बघा, जिथे रॅम मोजली जाते तिथे. तिथेच उभ्या रेघा, ठिपके किंवा चुकीची अक्षरं दिसत असतील तर ड्रायव्हरला हात लावू नका. तेव्हा विंडोज चालूच झालेलं नसतं, मग त्याचा ड्रायव्हर कुठून बिघडणार? केबल, कार्ड, रॅम किंवा मदरबोर्ड, यांपैकी काहीतरी आहे. लोगोपर्यंत सगळं स्वच्छ आणि नंतर गोंधळ, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. एफ८ दाबत राहून सेफ मोडमध्ये जा. तिथे चित्र जाडंभरडं पण स्थिर असेल तर संशय पक्का.

स्क्रीन पिवळी किंवा गुलाबी झाली तर आधी व्हीजीए केबलची पिन बघा. पंधरा पिनांपैकी नववी पिन अनेक केबलींत मुळातच नसते, त्यामुळे तिथलं रिकामं भोक बघून घाबरायचं कारण नाही. पण बारावी आणि पंधरावी पिन वाकलेली किंवा तुटलेली असेल तर मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगू शकत नाही. मग ड्रायव्हर बरोबर असूनही रिझोल्यूशनच्या यादीत मोजकेच आकडे येतात. मी स्वतः एकदा खानापुरात एका गिऱ्हाईकाला नवीन कार्ड घ्यायला लावलं होतं. दोष केबलचा निघाला. कार्डाचे पैसे परत केले, पण त्यांच्या दारावरून जाताना अजून मान खाली जाते.

हात लावण्याआधी

फाँटचं फोल्डर, पत्रिकांच्या फाइली आणि अकाउंटचा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. त्यानंतर स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, अॅक्सेसरीज, सिस्टिम टूल्स या वाटेनं सिस्टिम रिस्टोअरमध्ये जाऊन एक रिस्टोअर पॉइंट करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि निळी स्क्रीन आली की हीच पाच मिनिटं आठवतात. मशीन यूपीएसवर असू द्या. हेस्कॉमची लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि ड्रायव्हरच्या फाइली कॉपी होत असताना ती गेली तर अर्धा जुना, अर्धा नवा असा खिचडी ड्रायव्हर मागे राहतो. तो काढणं नवा बसवण्यापेक्षा अवघड.

पुढचं, सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं एकत्र करून दिलेला दुरुस्त्यांचा गठ्ठा. रनमध्ये रोमन अक्षरांत विनव्हर टाइप केलं की एक छोटी खिडकी उघडते आणि त्यात सर्व्हिस पॅकचा आकडा दिसतो. आकडाच दिसला नाही तर २००१ची मूळ सीडी वापरली गेली आहे. अशा एक्सपीला यूएसबी २.० धड कळत नाही, पेनड्राइव्ह गोगलगाईसारखा चालतो, आणि नंतरच्या काळातले बरेच ड्रायव्हर बसतच नाहीत. सर्व्हिस पॅक ३ टाका, सुमारे ३१६ एमबीची फाइल आहे. मात्र तो कोऱ्या एक्सपीवर थेट चढत नाही, त्याच्या आधी निदान सर्व्हिस पॅक १ लागतो. मी मधला २ टाकतो आणि मग ३.

चिप ओळखणे

इथे घाई नको. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, मग डिव्हाइस मॅनेजर. 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळ्या प्रश्नचिन्हासह 'व्हिडिओ कंट्रोलर' असं काही दिसेल. त्यावर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि खाली उघडणाऱ्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पीसीआय या शब्दानंतर एक लांबलचक ओळ येते. तिच्यात व्ही-ई-एन या तीन अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे चिप बनवणारी कंपनी, आणि डी-ई-व्ही पुढचे चार म्हणजे नेमकी चिप. बाकीची शेपटी सध्या सोडून द्या.

कंपनीचे आकडे एकदा पाठ झाले की झाले. ८०८६ म्हणजे इंटेल. त्यांच्या जुन्या प्रोसेसरचंच नाव ते, त्यामुळे विसरायला होत नाही. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. १००२ म्हणजे एटीआय, पुढे एएमडीत गेलेली. ११०६ म्हणजे व्हीआयए आणि १०३९ म्हणजे एसआयएस. स्वस्तातल्या असेंबल मशीनमध्ये हे दोघे फार भेटतात. ५३३३ आला तर एस३.

शहापूरच्या मशीनमध्ये आलं ८०८६ आणि २५७२. म्हणजे इंटेल ८६५जी, बोर्डावरच असलेलं ग्राफिक्स. २५६२ असतं तर ८४५जी, २७७२ असतं तर ९४५जी. आपल्याकडच्या पेंटियम ४ आणि त्यानंतरच्या डब्ब्यांत हे तिघं आलटून पालटून सापडतात.

हा आकडा फोनवर विचारायची वेळ आली तर मोठी गंमत होते. या आकड्यांत अक्षरं आली तर ए ते एफ एवढीच येतात, पण फोनवर बी, डी आणि ई यांतला फरक कुणालाही कळत नाही. म्हणून मी गिऱ्हाईकांना शिकवून ठेवलंय: ए अथणीचा, बी बेळगावचा, सी चिकोडीचा, डी धारवाडचा, ई इलेक्शनचा, एफ फौंड्रीचा. "एक, शून्य, धारवाड, इलेक्शन" असं कुणी म्हणालं की कळतं, एनव्हिडिया. निपाणीचा एक तंबाखू व्यापारी आता हे इतक्या सहज सांगतो की ऐकणाऱ्याला एसटीचं वेळापत्रक वाटावं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन व्हिडिओ कंट्रोलर दिसले तर गोंधळू नका. काही चिपा दुसऱ्या मॉनिटरसाठी वेगळी नोंद दाखवतात. कार्ड वेगळं लावलेलं असेल तर डब्बा उघडून कार्डावरचं नाव वाचा, आणि बोर्डाचा मॉडेल नंबरही टिपून घ्या. तो साधारणपणे रॅमच्या किंवा पीसीआय स्लॉटांच्या मधल्या जागेत पांढऱ्या शाईत छापलेला असतो.

ड्रायव्हर आणायचा कुठून

एक्सपीवरचा ब्राउझर आजच्या बहुतेक वेबसाइट उघडतच नाही, सुरक्षित जोडणीची नवी भाषा त्याला येत नाही. तो प्रयत्न करू नका, आणि हे मशीन इंटरनेटला जोडूही नका. दुसऱ्या संगणकावर डाउनलोड करा आणि पेनड्राइव्हनं आणा. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असावा. एक्सएफएटी केलेला पेनड्राइव्ह जास्तीचा अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला वाचता येत नाही. तो आधी व्हायरससाठी तपासा. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेला पेनड्राइव्ह म्हणजे जत्रेतला पेला, किती ओठांना लागलाय सांगता येत नाही.

शोधताना क्रम असा ठेवा: प्रथम मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्याची साइट, मग चिप बनवणाऱ्याची, आणि तिथून काढून टाकलेलं असेल तर इंटरनेट अर्काइव्ह. जुन्या ड्रायव्हर सीड्यांच्या प्रती लोकांनी तिथे चढवून ठेवल्या आहेत. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या अपडेटरांपासून मात्र लांब राहा. मी एकदा मोहात पडलो होतो. डिस्प्ले तसाच राहिला, वर ब्राउझरला तीन टूलबार चिकटले आणि होमपेज बदललं.

कार्डाच्या बाबतीत नव्यात नवा ड्रायव्हर चांगला, हा समज सोडून द्या. कंपन्या जुन्या कार्डांचा आधार टप्प्याटप्प्यानं काढत जातात. एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स मालिकेला एक्सपीवर १७५.१९ हा शेवटचा ड्रायव्हर. रेडिऑन ९५००पासून एक्स१९५०पर्यंतच्या कार्डांना कॅटॅलिस्ट १०.२, आणि ९२५० व त्याच्या खालच्यांना त्याहून बराच जुना ६.११. याच्या पुढचा कितीही नवा आणला तरी सेटअप म्हणणार, 'जुळणारं हार्डवेअर नाही.' उलट्या बाजूनंही तसंच. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरपासून आतल्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हरच नाही. तिथे शोधत बसू नये.

बसवण्याचा क्रम

आधी चिपसेट, मग एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा जुना स्लॉट), मग डिस्प्ले. यात उलटापालट झाली की लोक नशिबाला दोष देतात. चिपसेटचा ड्रायव्हर म्हणजे एक्सपीला बोर्डाचा नकाशा देणं. नकाशाच नसेल तर डिस्प्ले ड्रायव्हर चुकीच्या दारावर थाप मारतो. इंटेल बोर्डाला इंटेलची चिपसेट युटिलिटी, व्हीआयएला हायपेरियन (आधीचं नाव फोर-इन-वन), एसआयएसला त्यांचा एजीपी ड्रायव्हर. प्रत्येकानंतर रीस्टार्ट. पुढच्या ड्रायव्हरसोबत एकदम करू म्हणून तो टाळू नका.

जुना ड्रायव्हर आधी काढा. कंट्रोल पॅनेलच्या अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्समधून डिस्प्लेची नोंद काढा, रीस्टार्ट करा, 'फाउंड न्यू हार्डवेअर'ची खिडकी आली की कॅन्सल करा. कार्ड बदलणार असाल तर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर ते कार्ड मशीनमध्ये असतानाच काढायचा. नंतर काढायला गेलं की नोंद सापडत नाही, पण फाइली मागे राहून नव्याशी भांडतात. एटीआयचं नंतरच्या काळातलं कंट्रोल सेंटर डॉटनेट फ्रेमवर्क २.० मागतं, ते आधी टाकलं नाही तर ड्रायव्हर बसतो आणि कंट्रोल सेंटर एररच्या खिडक्या उघडत राहतं.

आता सेटअप चालवा. व्यवस्थित झालं तर पुढचा भाग वाचायची गरज नाही. मात्र जुन्या मशीनवर सेटअप बऱ्याचदा अडतं, आणि मग हातानं बसवावं लागतं.

हातानं बसवणे

शहापुरात मी हेच केलं, म्हणून सावकाश सांगतो.

डाउनलोड केलेली सेटअप फाइल सेव्हन-झिपनं एका साध्या फोल्डरमध्ये उघडा. सी ड्राइव्हवर 'डिस्प्ले' नावाचं फोल्डर केलं तरी पुरे. आत आयएनएफ प्रकारच्या एक-दोन फाइली असतात, ड्रायव्हर कोणत्या चिपांसाठी आहे ते त्यांत लिहिलेलं असतं. इंटेल ८६५जीच्या जुन्या पॅकमध्ये ही फाइल 'विन२०००' नावाच्या फोल्डरमध्ये असते. 'हा तर विंडोज २०००चा' म्हणून ती सोडून देणारे मी पाहिलेत. एक्सपीसाठीही तीच.

आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल एफ दाबून चिपचे चार आकडे शोधा. माझ्या बाबतीत २५७२. सापडले, तर हा ड्रायव्हर तुमच्या चिपसाठीच लिहिलेला आहे, आता तो बसणार. नाही सापडले, तर फोल्डर डिलीट करा आणि दुसरा शोधा. या एका तपासणीनं भाच्याची अख्खी दुपार वाचली असती. काहीजण आयएनएफमध्ये आपले आकडे घुसडून ड्रायव्हर बळजबरीनं बसवतात. लॅपटॉपवर कधी कधी ते जमतं, पण लग्नसराईत दुसऱ्याच्या मशीनवर हा प्रयोग करू नये.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्हिडिओ कंट्रोलरवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर. विंडोज अपडेटला जोडू का, असं विचारेल. 'नो, नॉट धिस टाइम'. मग 'इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट', त्यानंतर 'डोंट सर्च', आणि प्रकार विचारला तर डिस्प्ले अॅडॉप्टर्स. पुढच्या खिडकीत 'हॅव डिस्क' दाबून त्या आयएनएफ फाइलपर्यंत जा. यादीत चिपचं नाव येईल. 'लोगो टेस्टिंग पास झालेलं नाही' असा इशारा आला तर 'कंटिन्यू एनीवे'. नाव अगदी जुळत असेल तरच हे करायचं. स्क्रीन एकदोनदा काळी होते. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका, मिनिटभर थांबा.

शहापुरात स्क्रीन काळी झाली, परत आली, आणि सोळा रंगांचे लाखो झाले. भाचा म्हणाला, "एवढंच होतं व्हय?" एवढंच होतं.

तरीही अडलं तर

इंटेलचं सेटअप 'हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही' असं सांगतं तेव्हा रॅम कमी आहे असं समजून लोक रॅम आणायला जातात. बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की ही चिप या पॅकमध्ये नाही, चिपसेट ड्रायव्हर टाकलेला नाही, किंवा वेगळं कार्ड लावल्यामुळे बायोसनं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमनं) बोर्डावरचं ग्राफिक्स बंद करून ठेवलंय.

डिव्हाइस मॅनेजरमधल्या नोंदीवर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, सरळ वरच्या पायऱ्या करा. २२ म्हणजे कुणीतरी ते डिसेबल केलंय, एनेबल करा, संपलं. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. काढून पुन्हा टाका. १० म्हणजे ड्रायव्हर बसलाय पण डिव्हाइस सुरू होत नाही, तेव्हा चुकीचं व्हर्जन किंवा खुद्द कार्डावर संशय. १२ आला तर दोन उपकरणं एकाच जागेसाठी भांडताहेत. बायोसमध्ये जाऊन न वापरलेले पोर्ट बंद करा किंवा कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. अगदीच कळेना तर विंडोज फोल्डरमधली सेटअपएपीआय नावाची लॉग फाइल उघडून शेवटाकडून वाचा. भाषा रूक्ष आहे, पण कोणती फाइल सापडली नाही ते ती नावानिशी सांगते.

विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर एनव्ही४_डिस्प किंवा एटीआय२ने सुरू होणारं फाइलचं नाव असेल, तर गुन्हेगार सापडला. कोडच्या शेवटी ईए असेल तर ड्रायव्हर चिपपाशी अडकून फिरत राहिलाय. एफ८ दाबून आधी 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन', नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढा आणि एक व्हर्जन मागे जा. कार्डाचा पंखा फिरतोय का तेही बघा. उद्यमबागेत मी उघडलेल्या एका डब्ब्यात पंख्याच्या पात्यांवर लोखंडाच्या भुकटीचा आणि तेलाचा असा लेप होता की तो खरवडून काढावा लागला. ड्रायव्हर निर्दोष होता.

काळ्या स्क्रीनवर 'आउट ऑफ रेंज' तरंगत असेल तर ड्रायव्हर बसलाय, फक्त मॉनिटरला न झेपणारा रिफ्रेश रेट लागलाय. एफ८, 'एनेबल व्हीजीए मोड', मग डिस्प्ले प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, मॉनिटर, आणि तिथे एलसीडीसाठी ६० हर्ट्झ. जुन्या काचेच्या सीआरटीला मात्र ६० लावू नका, डोळे दुखतात. झेपत असेल तर ७५ किंवा ८५.

बायोसमध्ये दोन गोष्टी बघायच्या. पहिला डिस्प्ले कोणता, ऑनबोर्ड की एजीपी. आणि बोर्डावरच्या ग्राफिक्सला किती मेमरी वाटून दिली आहे. १०२४ बाय ७६८ला ३२ बिट रंगात एका चित्रालाच ३ एमबी लागतात, १२८० बाय १०२४ला ५. इंटेलचा ड्रायव्हर गरजेप्रमाणे आणखी मेमरी घेतो, पण एसआयएस आणि व्हीआयएला मी हातानं ३२ एमबी देऊन टाकतो.

आणि एक, जे कुठल्याच ड्रायव्हरच्या माहितीत लिहिलेलं नसतं. "साप्ताहिक सुट्टीनंतर स्क्रीन बिघडते" अशी तक्रार एका दुकानातून दर आठवड्याला यायची. सुट्टीच्या आदल्या रात्री ते मेन स्विच बंद करायचे. बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, मेलेला होता. लाइट तुटली की बायोसची सगळी सेटिंग्ज पुसली जायची आणि तारीख कित्येक वर्षं मागे जायची. सेल बदलला, तक्रार गेली. तसंच जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणाचा थर बसतो. रॅम काढून पट्ट्यांवर हलक्या हातानं खोडरबर फिरवा, कपड्यानं पुसा, परत लावा. बोर्डावरचे गोल कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी रस गळालेला दिसला, तर मात्र ड्रायव्हरचा नाद सोडून सोल्डरिंगवाल्याकडे जा. २०००च्या दशकातल्या बोर्डांमध्ये हा रोग फार होता.

सगळं करून ड्रायव्हर नाहीच मिळाला तर दोन वाटा. एक, व्हीबीईएमपी नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर. तो कुठल्याही चिपचा वेग देत नाही, पण रंग आणि बऱ्यापैकी रिझोल्यूशन देतो; पत्रिका करायला पुरतो, व्हिडिओला नाही. दुसरी, ज्याचा एक्सपी ड्रायव्हर हातात आहे असं सेकंडहँड कार्ड. एजीपी कार्ड घेताना खाच बघा. ३.३ व्होल्टचं फार जुनं कार्ड १.५ व्होल्टच्या स्लॉटमध्ये जोर लावून बसवलं तर कार्ड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

कुणाकडे विंडोज ९८ असेल तर एवढंच: कार्ड काढण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड व्हीजीए' करा, आणि सीडीवरचं विन९८ फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवा. ते पदोपदी सीडी मागतं.

गणपती गोल करणे

रंग आले, पण शहापूरचा गणपती अंडाकृतीच राहिला. कारण आता ड्रायव्हर नव्हतं. नवा मॉनिटर १३६६ बाय ७६८चा, आणि ८६५जीच्या त्या ड्रायव्हरच्या यादीत तो आकडाच नव्हता. १३६६ला आठनं भाग जात नाही, आणि जुने ड्रायव्हर रुंदी आठाच्या पटीत मागतात. म्हणून काही ठिकाणी १३६० बाय ७६८ असा जवळचा आकडा दिसतो. दिसला तर तो घ्या. नसेल तर १०२४ बाय ७६८ ठेवून मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेन्यूत आस्पेक्ट चारास तीन करा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतात, पण चित्र ताणलं जात नाही. खात्री करायला कोरलड्रॉमध्ये कंट्रोल दाबून वर्तुळ काढा आणि स्क्रीनवर फूटपट्टी ठेवून आडवं-उभं मोजा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तो दोन दिवसांत अंड्याला सरावतो.

त्या मॉनिटरच्या मेन्यूत आस्पेक्टची सोयच नव्हती. शेवटी बिलाच्या काउंटरवरचा सतरा इंची चौकोनी एलसीडी उचलून डीटीपीच्या टेबलावर आणला, १२८० बाय १०२४ लावलं, आणि रुंद मॉनिटर काउंटरवर गेला. मालकांनी फूटपट्टी ठेवली. आडवं अकरा, उभं अकरा. "हां, आता बसला," म्हणाले आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मी चिपसेट आणि डिस्प्ले, दोन्ही ड्रायव्हर एका सीडीवर टाकले. पाकिटावर जाड पेननं लिहिलं: इंटेल ८६५जी, ८०८६, २५७२, सर्व्हिस पॅक ३, आधी चिपसेट मग डिस्प्ले. पाकीट डब्ब्याच्या आतल्या पत्र्याला चिकटपट्टीनं चिकटवलं आणि ड्रॉवरमधली ती एनव्हिडियाची सीडी भाच्याला देऊन टाकली. त्यानं ती कावळे हाकलायला गच्चीवर टांगलीय.